खटला चित्रावर, गाणी बाजूलाच

‘फ्रँकेनख्राइस्ट’ म्हटलं की आजही लोकांना आधी आठवतं ते पोस्टर. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेड केनेडीज या हार्डकोर पंक बँडचा हा अल्बम १९८५मध्ये आला, तेव्हा रेकॉर्डसोबत एच. आर. गिगर या स्विस चित्रकाराचं एक चित्र मिळायचं. त्यात संभोगातल्या जननेंद्रियांच्या नुसत्या रांगा. ‘एलियन’ सिनेमासाठी ऑस्कर मिळालेला हाच तो गिगर.

खरा ऐवज मात्र पहिल्याच गाण्यात आहे. ‘सूप इज गुड फूड’ हे नाव कॅम्पबेल कंपनीच्या जाहिरातीतून उचललेलं, आणि गाणं यंत्रांमुळे नोकरी गेलेल्या कामगाराचं. कंपनी त्याला अगदी नम्रपणे घरचा रस्ता दाखवते. गायक जेलो बियाफ्रा हा नम्रपणा आपल्या थरथरत्या, नाटकी आवाजात असा काही ताणतो की शिवी परवडली असती. ईस्ट बे रेच्या गिटारीला सर्फ संगीताची घुमणारी झाक आहे, आणि वेग हार्डकोरच्या मानाने आवरलेला. त्यामुळे शब्द कळतात. या संगीतात ही चैनच. शेवटचं ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स ऑफ करप्शन’ मात्र सहा मिनिटांहून लांबलेलं भाषण आहे. थोडी कात्री चालली असती.

हे सगळं रेगन यांच्या अमेरिकेत चाललं होतं. टिपर गोर आणि इतर वजनदार बायकांच्या पीएमआरसी या संघटनेने गाण्यांतल्या अश्लीलतेचा प्रश्न त्याच वर्षी सिनेटच्या समितीपुढे नेला होता. अशात लॉस एंजेलिस भागातल्या एका आईने पोस्टरबद्दल तक्रार केली आणि एप्रिल १९८६मध्ये बियाफ्राच्या घरावर पोलिसांचा छापा पडला. आरोप होता अल्पवयीनांना अपायकारक साहित्य पुरवल्याचा. शिक्षा वर्षभर कैदेपर्यंत. ऑगस्ट १९८७मध्ये ज्युरीत एकमत झालं नाही, सातजण सुटकेच्या बाजूने, पाच विरोधात. न्यायाधीशांनी फेरखटल्याला नकार दिला. बेकारीच्या गाण्यांवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. बँड तर १९८६मध्येच मोडला होता.

पुढे १९९८मध्ये बँडमधल्या सोबत्यांनीच बियाफ्राला कोर्टात खेचलं: ‘अल्टरनेटिव्ह टेंटकल्स’ या त्याच्या कंपनीने आमची रॉयल्टी बुडवली म्हणून. लिव्हाइसच्या जाहिरातीला आपण गाणं दिलं नाही, त्याचा हा राग, असं त्याचं म्हणणं. ज्युरीने ते मानलं नाही. २०००मध्ये निकाल सोबत्यांच्या बाजूने लागला.