भंगारवाल्याला फोन करण्याआधी

घरातले दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले माणूस गेले, दिवसकार्य उरकले, की पुढचा प्रश्न त्या खोलीचा असतो. मुले परगावाहून आलेली असतात, रजा संपत आलेली असते. मग कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला किंवा जुने सामान उचलून नेणाऱ्या टेम्पोवाल्याला फोन जातो. पलंग, गादी, कमोडची खुर्ची, वॉकर, रद्दी, औषधांचे डबे असे सगळे एकरकमी ठरते. तासाभरात खोली मोकळी होते आणि घरच्यांना हायसे वाटते.

टेम्पोतली पोती पुढे दुकानामागे जमिनीवर ओतली जातात. तिथे बसलेली माणसे, त्यात बायका बऱ्याच, हाताने माल निवडतात. काच एकीकडे, पत्रा दुसरीकडे, प्लास्टिकचेही चार प्रकार. जाड हातमोजे घातले की प्लास्टिक हाताला ओळखू येत नाही, काम मंदावते आणि मजुरी वजनावर असते; मग मोजे बाजूला पडतात. इन्सुलिनची सुई बोटात शिरते ती इथे.

मधुमेही माणसाने दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतले आणि दर वेळी नवी सुई वापरली, तर वर्षाला 730 सुया होतात. शिवाय साखर तपासताना बोट टोचायच्या लॅन्सेट वेगळ्या. रुग्णालयात याच सुईसाठी 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत, टोचून भोक पडणार नाही असा पांढरा डबा आहे, तो नेणारी गाडी आहे. तीच सुई घरी वापरली की दुधाच्या पिशवीत गुंडाळून बादलीत जाते. जंतूंना मात्र घर आणि रुग्णालय यातला फरक कळत नाही.

सगळ्यात चिवट आहे तो हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू. शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस तग धरतो. या विषाणूने बाधित रुग्णाला वापरलेली सुई लगेच टोचली आणि टोचून घेणाऱ्याने लस घेतलेली नसली, तर संसर्गाची शक्यता 6 ते 30 टक्के असते. हिपॅटायटिस सी साठी ती सुमारे 2 टक्के आणि एचआयव्हीसाठी 0.3 टक्के. भंगारातली सुई जुनी, सुकलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात धोका याहून कमी. पण निवडणाऱ्या बाईला ती सुई कोणाची, कधीची, हे कळायला मार्ग नसतो. आणि अशी टोचणी एकदाच होऊन थांबत नाही.

उपाय फुकटचा आहे. फरशी पुसायच्या द्रावणाची किंवा कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड बाटली घ्यावी. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, सुई तिच्यातून आरपार जाते. सुई वाकवू नये, हाताने तोडू नये. वापरली की थेट बाटलीत टाकावी. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळावी आणि वर ठळक अक्षरांत ‘सुया’ लिहावे. ही बाटली भंगारात कधीच द्यायची नाही. वापरलेली सुई, मुदत संपलेली औषधे, फुटलेला थर्मामीटर, सीएफएल दिवे, बॅटऱ्या यांना 2016 च्या घनकचरा नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ म्हटले होते. तो ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवणे हे घराचे काम आणि दर 20 चौरस किलोमीटरला त्याचे एक संकलन केंद्र उभारणे हे पालिकेचे, असे त्या नियमांत होते. आपल्या भागातले केंद्र कुठे, हे प्रभाग कार्यालयात एकदा विचारून पाहावे. विचारणारे वाढले तर केंद्रेही वाढतील. नेहमीच्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत शब्द टाकला तर तेही काही वेळा अशी बाटली ठेवून घेतात.

जुने पाऱ्याचे रक्तदाब यंत्र माळ्यावर असेल तर तेही वेगळे काढावे. त्यात 100 ग्रॅमच्या आसपास पारा असतो आणि भंगारात ते धातूसाठी फोडले जाते. पाऱ्याच्या वाफेला वास नसतो. ती फुप्फुसातून शिरते आणि मज्जासंस्था व मूत्रपिंडांना इजा करते. घरीच थर्मामीटर फुटला तर केरसुणी फिरवू नये, थेंबांचे आणखी थेंब होतात. पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात, जाड कागदाने थेंब गोळा करून थोडे पाणी असलेल्या बाटलीत बंद करावेत.

इन्व्हर्टरच्या बॅटरीला भंगारवाला चांगला भाव देतो. ती मात्र नवी घेताना दुकानदारालाच परत द्यावी, किमतीत वजावट मिळते. गल्लीतल्या शेडमध्ये ती फोडली तर शिशाची धूळ कामगाराच्या कपड्यांवरून त्याच्या घरी जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे फार वाईट.

औषधांची अखंड पाकिटे खोक्यासकट देऊ नयेत, ती पुन्हा कोणाच्या तरी पोटात जाण्याची वाट मोकळी राहते. गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवाव्यात, पिशवी बंद करून घातक कचऱ्यात द्याव्यात. कर्करोगाच्या रुग्णाचे मॉर्फिन किंवा फेंटॅनिलचे पॅच उरले असतील तर ज्या रुग्णालयातून आले तिथेच विचारून परत करावेत. वापरून काढलेल्या पॅचमध्येही लहान मुलाच्या जिवावर बेतेल इतके औषध उरलेले असू शकते.

उरलेले सामान खुशाल द्यावे. भंगारवाला नसता तर शहरे केव्हाच कचऱ्याखाली गेली असती. फक्त माल कुठे जातो, तारा जाळता का, गादी कुठे टाकता, एवढे विचारावे. नुसतेच ‘सगळे नेतो’ म्हणणाऱ्याची गादी बहुधा नाल्यात सापडते. पुण्यात हे काम संघटित झाले आहे. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे तिच्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. वापरलेले पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे ते हाताने उघडावे लागणार नाही, ही मागणीही तिथलीच. एक ठिपका काढायला लागतो तरी किती वेळ?

तरीही कोणाला सुई टोचलीच तर बोट पिळू नये, तोंडात घालू नये, हळद भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्हीप्रतिबंधक औषधांची गरज आहे का, हे तिथले डॉक्टर ठरवतात. लागली तर ती पहिल्या काही तासांतच सुरू व्हावीत. 72 तासांनंतर उपयोग राहत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बी ची लसही तेव्हाच सुरू होते.

ही लस आधीच घेतलेली असणे सर्वांत चांगले. आज तान्ह्या बाळांना ती सरकारी लसीकरणात मिळते, पण दारोदार कचरा उचलणारी चाळीस-पन्नाशीतली बाई त्या आधीच्या पिढीतली आहे. मोठ्यांसाठी तीन डोस: पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. सोसायटीच्या दिवाळी बोनसच्या यादीत आपल्या कचरावेचकांच्या नावापुढे या तीन तारखाही लिहिता येतील.