कर्करोगजनक घटकांचे वर्गीकरण

कर्करोगजनक घटकांचे वर्गीकरण म्हणजे एखाद्या पदार्थामुळे, किरणोत्सर्गामुळे, विषाणूमुळे, व्यवसायामुळे किंवा सवयीमुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो का, याविषयीचा पुरावा तपासून त्या घटकाची ठरावीक गटात नोंद करण्याची पद्धत होय. या विषयात जगभर आधारभूत मानली जाणारी यादी फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था तयार करते. आयएआरसी या लघुनावाने परिचित असलेली ही संस्था जागतिक आरोग्य संघटनेचा भाग असून तिची स्थापना १९६५ साली झाली. तिचा मूल्यमापनाचा कार्यक्रम १९७१ पासून सुरू आहे आणि एक हजाराहून अधिक घटक त्यात तपासले गेले आहेत.

मूल्यमापनाची रीत

मूल्यमापनासाठी संस्था स्वतः प्रयोग करीत नाही. निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांचा गट एकत्र बसून प्रसिद्ध झालेल्या संशोधनाची छाननी करतो. पुरावा तीन बाजूंनी पाहिला जातो : माणसांच्या पाहण्या, प्राण्यांवरील प्रयोग आणि तो घटक शरीरातील पेशींत नेमके काय घडवितो याचा अभ्यास. त्यावरून घटक चारपैकी एका गटात जातो. गट १ म्हणजे ‘माणसात कर्करोगजनक’, गट २अ म्हणजे ‘बहुधा कर्करोगजनक’, गट २ब म्हणजे ‘कदाचित कर्करोगजनक’ आणि गट ३ म्हणजे ‘वर्गीकरण करता येत नाही’. गट ३ मधील घटक निर्धोक ठरला असे मात्र नव्हे. निर्णयाइतका पुरावा नाही, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी ‘बहुधा कर्करोगजनक नाही’ असा चौथा गटही होता. त्यात कॅप्रोलॅक्टम हा एकच पदार्थ होता आणि २०१९ च्या सुधारणेत तो गटच काढून टाकण्यात आला.

धोका आणि जोखीम

या यादीविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज गटक्रमांकांवरून होतो. क्रमांक सांगतो ते पुराव्याचे बळ, अपायाचे प्रमाण नव्हे. कठडा नसलेली विहीर हा धोका आहे. कोणी तिच्या किती जवळून, किती वेळा आणि दिवसा की अंधारात जातो, यावर पडण्याची जोखीम ठरते. आयएआरसी विहीर दाखविते, पडण्याची शक्यता मोजत नाही.

धूम्रपान आणि प्रक्रिया केलेले मांस हे दोन्ही गट १ मध्ये आहेत. मांसाची नोंद २०१५ साली झाली, तेव्हा ‘मांस सिगारेटइतकेच घातक’ अशा अर्थाचे मथळे झळकले. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असे त्या मूल्यमापनात म्हटले होते. मात्र त्याच वेळी संस्थेने उद्धृत केलेल्या अंदाजांनुसार जगात वर्षाला कर्करोगाचे सुमारे ३४,००० मृत्यू अशा मांसाच्या अतिसेवनाशी जोडले जात होते, तर धूम्रपानाशी सुमारे दहा लाख. अशा मथळ्यांनी मांस खाणारा घाबरतो आणि धूम्रपान करणारा ‘सगळ्यानेच कर्करोग होतो’ म्हणून निर्धास्त होतो. यांतील दुसरा परिणाम अधिक घातक म्हटला पाहिजे.

अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याबाबत २०२३ साली दोन्ही प्रश्न एकाच वेळी पुढे आले. आयएआरसीने त्याला गट २ब मध्ये ठेवले. त्याच सुमारास खाद्यमिश्रकांच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही पूर्वीचीच मर्यादा कायम ठेवली. यात विसंगती नाही. एकीने धोक्याचा पुरावा तोलला, तर दुसरीने सेवनाची मर्यादा ठरविली.

सुपारीची नोंद

मराठी वाचकाच्या दृष्टीने या यादीतील महत्त्वाची नोंद सुपारीची आहे. १९८५ साली तंबाखू घातलेला विडा कर्करोगजनक ठरला. बिनतंबाखूच्या विड्याविषयी मात्र पुरावा अपुरा होता. भारतात विडा खाणारे पुष्कळ जण तंबाखूही खात असल्याने दोहोंचा परिणाम वेगळा करणे कठीण होते. तैवानमध्ये विड्यात सहसा तंबाखू घालीत नाहीत, त्यामुळे तेथील पाहण्या निर्णायक ठरल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात बिनतंबाखूचा विडा आणि स्वतः सुपारी या दोहोंची नोंद गट १ मध्ये झाली. सुपारीमुळे तोंडातील अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होण्याचा विकारही जडतो आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

सुपारीतील अ‍ॅरेकोलिन हे द्रव्य मात्र गट २ब मध्येच आहे. माणसे सुपारी खातात, सुटे अ‍ॅरेकोलिन नव्हे, म्हणून त्याचा माणसांवरील स्वतंत्र पुरावा मिळत नाही. पूजेत मान असलेली आणि श्रीवर्धनच्या रोठ्यासारख्या जातींनी कोकणच्या बागायतीला आधार दिलेली सुपारी या यादीत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी’ हे जेवणानंतरचे समर्थन या नोंदीपुढे टिकत नाही.

यादी आणि कायदा

आयएआरसीची नोंद कोणत्याही देशावर बंधनकारक नसते; बंदी किंवा मर्यादा घालणे हे सरकारांचे काम. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली ती अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानुसार ‘ज्ञात’ आणि ‘वाजवी अपेक्षेने कर्करोगजनक’ अशी दोन वर्गांची स्वतंत्र यादी प्रसिद्ध होते.

नोंदी कायमच्या नसतात. १९९१ साली गट २ब मध्ये गेलेली कॉफी २०१६ साली गट ३ मध्ये आली; त्याच बैठकीत ६५ अंश सेल्सियसहून अधिक तापलेली पेये पिणे गट २अ मध्ये गेले, मग ते पेय कोणतेही असो.