गोल बाजाराचा नकाशा : सर्वांनी काढावा, सर्वांनी राखावा

रायपूरच्या गोल बाजारात खरेदीस निघालेल्या गृहिणीला नकाशाची गरज भासत नाही. जयस्तंभ चौकाकडून मालवीय रोडने यावे, कोणत्या वळणावर आत शिरावे, भांडी कोठे मिळतात, बांगड्या कोठे, पूजेचे साहित्य कोठे, हे सारे तिच्या पायांनाच ठाऊक असते. सासूने सुनेला आणि आईने मुलीला दाखविलेला हा नकाशा कधी कागदावर उतरलेला नसतो. त्यामुळे तो परगावच्या पाहुण्याच्या उपयोगी पडत नाही. आणि तो जाणणारी व्यक्ती गेली की तिच्याबरोबर तोही नाहीसा होतो.

आपल्या देशातील प्रत्येक जुन्या पेठेची हीच कथा आहे. मात्र अशा तोंडी ज्ञानास लेखी रूप देण्याचे साधन आता घराघरांत आले आहे. खिशातील मोबाइल उपग्रहांच्या साहाय्याने आपण पृथ्वीवर नेमके कोठे उभे आहोत हे सांगतो. प्रश्न एवढाच उरतो की, ही माहिती नोंदवावी कशी, आणि नोंदविल्यावर ती पुढील पिढ्यांना मिळेल अशा रीतीने ठेवावी कोठे? यांपैकी दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे; पण त्याचा विचार क्वचितच होतो.

नकाशा पूर्वी कोणाच्या हाती होता

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. पुढे १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजणी करीत जाताना २० जानेवारी १८२३ रोजी विदर्भातील हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले. त्याची समाधी तेथेच आहे. त्या पथकांनी उन्हातान्हात, रानावनांतून जे काम केले त्याची अचूकता आजही आश्चर्य वाटावे अशी आहे.

परंतु ते नकाशे राज्यकर्त्यांच्या गरजेसाठी होते. महसूल, सैन्य आणि सरहद्द हे त्यांचे मुख्य विषय. साखळ्या ओढणाऱ्या व निशाणे धरणाऱ्या माणसांना नकाशावर कोणते नाव लिहावे हे विचारले जात नसे. स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ नकाशांवर अनेक निर्बंध होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी वेगळी नकाशामाला ठरविली. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली व नकाशे तयार करण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक पूर्वपरवानग्या रद्द केल्या. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणही अधिसूचित झाले. दार उघडले आहे. आत पाऊल टाकणे नागरिकांच्या हाती आहे.

नावांत साठलेला इतिहास

रायपूरचेच उदाहरण घेऊ. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले आणि बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून येथील कारभार पाहिला. १८१८ मध्ये इंग्रजांच्या देखरेखीखाली मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविण्यात आले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य निर्माण झाले आणि रायपूर त्याची राजधानी झाली.

शहरातील वस्त्यांची नावे ऐकली म्हणजे हा इतिहास कानी पडतो. पुरानी बस्ती, ब्राह्मणपारा, बूढापारा, सदर बाजार, तात्यापारा! ‘पारा’ म्हणजे मोहल्ला, आळी. हा शब्द छत्तीसगढचा. ‘तात्या’ हे संबोधन आपल्या मराठी घरातले. दोन भाषा एकमेकींच्या शेजारी नांदल्या, याचा हा पुरावा कोणत्याही ताम्रपटाइतकाच बोलका आहे. असे नाव नकाशावर चुकीचे लिहिले गेले, अथवा त्याऐवजी एखाद्या नव्या इमारतीचे नाव रूढ झाले, तर तो पुरावा पुसला जातो. मोठ्या वस्त्यांची नावे कागदपत्रांत तरी सापडतात. गल्लीबोळांची नावे, जुन्या विहिरींची नावे, आठवडी विक्रेत्यांच्या बसण्याच्या जागा यांना कागदपत्रांचाही आधार नसतो.

बिंदू, रेषा आणि क्षेत्र

२००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्या देशातील सरकारी नकाशे उत्तम होते, परंतु त्यांच्या वापरासाठी पैसे मोजावे लागत व अटी पाळाव्या लागत. लोकांनी स्वतः मोजणी करून सर्वांसाठी मोकळा नकाशा का करू नये, असा विचार त्यामागे होता. आज या उपक्रमात नाव नोंदविलेल्यांची संख्या एक कोटीहून अधिक आहे.

त्याची रचना साधी आहे. दुकान, हातपंप किंवा देऊळ हा एक बिंदू. गल्ली ही एक रेषा. बाजाराचे आवार हे एक बंदिस्त क्षेत्र. प्रत्येकास अक्षांश-रेखांश असतात आणि त्याचे वर्णन करणाऱ्या लहान लहान नोंदी असतात : हे काय आहे, त्याचे नाव काय, हिंदीत काय म्हणतात, मराठीत काय, छत्तीसगढीत काय. एकाच स्थळाला अनेक भाषांतील नावे सुखाने शेजारी राहू शकतात. त्यांपैकी कोणालाही दुसऱ्यासाठी जागा सोडावी लागत नाही.

गोल बाजार सुमारे २१ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ८१ अंश ३८ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून अंशाच्या दशांश चिन्हापुढे तीन आकडे लिहिले तर आपण शंभर-सव्वाशे मीटरांपर्यंत पोहोचतो. पाच आकडे लिहिले तर जवळजवळ एका मीटरापर्यंत. बाजारातील दुकान दाखवायचे तर पाच आकडे हवेत.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. मोकळ्या मैदानात मोबाइल साधारण पाच मीटरांच्या आत आपली जागा सांगतो. अरुंद गल्लीत, दुतर्फा भिंती आणि वर ताडपत्री असता उपग्रहांचे संकेत भिंतींवरून परावर्तित होतात आणि आपण शेजारच्या गल्लीत उभे आहोत असे यंत्र सांगू लागते. अशा वेळी जुनी रीतच कामी येते. कोपऱ्यापासून दुकाने मोजावीत, पावले मोजावीत, वहीत कच्चा आराखडा काढावा आणि घरी येऊन उपग्रह-छायाचित्राशी तो ताडून पाहावा. यंत्राला जे दिसत नाही ते रहिवाशाला दिसते.

दिलेली माहिती कोणाची?

आता राखण्याच्या प्रश्नाकडे वळू. २००८ मध्ये गूगल कंपनीने ‘मॅप मेकर’ नावाची सोय सुरू केली. भारतातील असंख्य हौशी लोकांनी आपापल्या गावचे रस्ते, शाळा, दवाखाने त्यात मोठ्या आस्थेने भरले. ३१ मार्च २०१७ रोजी ती सोय बंद करण्यात आली. लोकांनी भरलेली माहिती कंपनीच्या नकाशात राहिली. परंतु ती कोणी, कोणत्या अटींवर वापरावी हे ठरविण्याचा अधिकार भरणाऱ्यांपाशी नव्हता. कंपनीने आपल्या नियमांप्रमाणेच हे केले. धडा आपण घ्यावयाचा आहे : श्रमदान करण्यापूर्वी विहीर कोणाच्या जमिनीत खणली जात आहे हे पाहावे.

मुक्त नकाशाची विहीर गावकीची असते. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती २०१२ पासून एका मुक्त परवान्याखाली दिली जाते. त्याचा आशय असा : ही माहिती कोणीही घ्यावी, वापरावी, तिच्यावर व्यवसायही करावा, मात्र मूळ उपक्रमाचे श्रेय द्यावे, आणि माहितीच्या साठ्यात सुधारणा करून तो लोकांपुढे आणल्यास तोही त्याच अटींवर सर्वांना मोकळा ठेवावा. शिवाय प्रत्येक बदल कोणत्या खात्यावरून व केव्हा झाला याचा इतिहास राखला जातो, आणि संपूर्ण जगाची माहिती दर आठवड्यास एकत्र करून उतरवून घेण्यासाठी ठेवली जाते. परिणामी तिच्या प्रती अनेक देशांत, अनेक संस्थांपाशी असतात. एक ग्रंथालय जळाले तरी पोथीची नक्कल दुसरीकडे असावी, ही आपल्या पूर्वजांची दक्षता येथे नव्या रूपात दिसते.

तिचा उपयोग संकटकाळी कळतो. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भीषण भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा सविस्तर नकाशा तेव्हा सहज उपलब्ध नव्हता. जगभरातील स्वयंसेवकांनी उपग्रह-छायाचित्रांवरून काही दिवसांतच रस्ते रेखाटले आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. दाट वस्तीच्या बाजारपेठेत आग लागली, तर बंब कोणत्या बाजूने आत येऊ शकेल आणि कोणती गल्ली पुढे बंद आहे, हे आधी नोंदलेले असणे किती मोलाचे ठरेल, हे वेगळे सांगावयास नको.

कुटुंबाने काय करावे

हे काम एकट्याचे नाही, आणि म्हणूनच ते घराला शोभणारे आहे. आजीने जुनी नावे सांगावीत, आईने बाजाराची आजची मांडणी सांगावी, शाळकरी मुलांनी वहीत आराखडा काढावा आणि महाविद्यालयात जाणाऱ्याने तो संगणकावर उतरवावा. त्यासाठी लागणारे खाते विनामूल्य मिळते. एका रविवारी एकच गल्ली हाती घ्यावी. सहा महिन्यांनी पुन्हा फेरी मारून बंद झालेली व नवी उघडलेली दुकाने दुरुस्त करावीत. न तपासलेला नकाशा शिळ्या पंचांगासारखा होतो.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. दुसऱ्याच्या नकाशावरून माहिती उतरवू नये. स्वतः पाहिलेले अथवा वापरण्याची स्पष्ट मुभा असलेलेच लिहावे. कोणाच्या घरात कोण राहते, ही खासगी गोष्ट नकाशावर आणू नये. संरक्षणदृष्ट्या संवेदनशील स्थळांविषयीचे सरकारी नियम मोडू नयेत. एखाद्या नावाविषयी मतभेद असल्यास दोन्ही पक्षांना विचारावे, आणि रहिवाशांच्या तोंडी जे आहे त्यास मान द्यावा.

पक्क्या दुकानांइतकेच लक्ष पदपथावरील भाजीवालीकडे द्यावे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाप्रमाणे नगरपालिका क्षेत्रातील विक्रेत्यांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांतून किमान एकदा व्हावयास हवे. लोकांनी केलेल्या नकाशामुळे कोणास कायदेशीर हक्क प्राप्त होत नाही, हे खरे. तरीही अमुक ठिकाणी भाजीबाजार भरतो अशी उघड नोंद असली, तर उद्या रस्त्याची आखणी करताना तो नव्हताच असे म्हणणे कोणास सोपे जाणार नाही.

विद्येविषयी आपल्याकडे असे मानले जाते की ती दिल्याने वाढते आणि लपविल्याने क्षीण होते. आपल्या गल्लीचे ज्ञान हीदेखील एक विद्याच आहे. घरातील वडीलधाऱ्यांना आज ती नावे आठवतात. त्यांना विचारण्याचे काम पुढच्या सणापर्यंत लांबणीवर टाकू नये.