भाग न देता मूळ संख्या कशी ओळखायची?

मंडळी, फळ्यावरची ही संख्या एकदा नीट बघून घ्या:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

एकोणचाळीस अंक आहेत. २ चा १२७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ही मिळते. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही नि:शेष भाग जात नाही. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी हे १८७६ साली सिद्ध केलं, तेही हातानं आकडेमोड करून. १९५१ पर्यंत हिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला माहीत नव्हती.

आता शाळेतली रीत आठवा. १०१ मूळ आहे का? २, ३, ५, ७ ने भाग देऊन बघायचं, वर्गमुळाशी पोचलो की थांबायचं. पण आपल्या संख्येचं वर्गमूळच वीस अंकी आहे! सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारं यंत्र दिलं, तरी तिथवरच्या एकेका संख्येनं भागून बघायला चारशे वर्षं लागतील. मग ल्युकांनी केलं काय?

त्यांच्या पद्धतीला सोपं रूप दिलं ते पुढे अमेरिकेच्या डी. एच. लेमर यांनी. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येनं भागून फक्त बाकी ठेवा. आलेल्या बाकीवर पुन्हा तेच. किती वेळा? घातापेक्षा २ कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. अट एवढीच, की घात स्वतः विषम मूळ संख्या हवी.

३१ घेऊ. २ चा ५ वा घात वजा १. म्हणजे ३ पायऱ्या. ४ वरून १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. इथे भागाकाराचीही गरज नाही. १९४ मध्ये ३२ सहा वेळा बसतात, वर २ उरतात. ३२ ला ३१ ने भागलं की बाकी १ च, म्हणून ६ आणि २ मिळून बाकी ८. आता ८ चा वर्ग वजा २, म्हणजे ६२. बाकी शून्य. ३१ मूळ! आपल्या मोठ्या संख्येला अशाच फक्त १२५ पायऱ्या लागतात.

आता २०४७ बघा, घात ११. नऊ पायऱ्यांनंतर बाकी १७३६ उरते. म्हणजे संयुक्त. पण तिचे विभाजक २३ आणि ८९ आहेत, हे १७३६ कडे बघून कळतं का? नाही.

खरी गंमत इथेच आहे. १६४४ साली मेर्सेन यांनी घात ६७ ची संख्याही मूळ म्हणून नोंदवली होती. ती संयुक्त आहे हे ल्युकांनी दाखवलं, पण विभाजक एकही हाती नव्हता. ते १९०३ साली फ्रँक कोल यांनी दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

म्हणजे ‘संख्या मूळ आहे का?’ आणि ‘तिचे विभाजक कोणते?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर लवकर मिळतं, दुसऱ्याचं फार उशिरा. इंटरनेटवर वापरली जाणारी आरएसए कुलपं याच फरकावर उभी आहेत: दोन मोठ्या मूळ संख्या शोधून त्यांचा गुणाकार करणं सोपं, पण नुसत्या गुणाकारावरून त्या दोघी परत शोधून काढणं महाकठीण.