इफ्तारच्या वेळी आलेला टॉर्नेडो
२६ एप्रिल १९८९. रमजानचा महिना. पावसाची वाट पाहणाऱ्या बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात इफ्तारच्या सुमारास टॉर्नेडो आला. दौलतपूर-साटुरिया भागात सुमारे १,३०० माणसे दगावली, हजारो कुटुंबे उघड्यावर आली.

चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते, कित्येक दिवस टिकते. टॉर्नेडोचा खेळ बहुधा काही मिनिटांचा. बंगालच्या उपसागराकडून येणारी दमट हवा खाली आणि पश्चिमेची कोरडी हवा वर असली की गडगडाटी ढग उंच चढतात. उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग बदलत असेल तर ढगातली हवा गरगरू लागते. हा भोवरा जमिनीला टेकला की टॉर्नेडो!

डॉप्लर रडारला ढगातले हे फिरणे आधी दिसू शकते. पण हाती मिनिटेच उरतात. इशारा वेळेत घरी पोहोचला आणि जवळ पक्का आसरा असला, तरच त्या मिनिटांत जीव वाचतो.