वाळलेले झाड तोडण्यापूर्वी



बांधावरचा जुना कडुलिंब किंवा बाभूळ वाळली, की पहिला विचार येतो तो सरपणाचा. उन्हाळ्यात हाताला थोडी सवड असते, कुऱ्हाडही तयार असते. पण थोडं थांबा. झाड वाळलं म्हणजे ओस पडलं असं नाही. पुष्कळदा त्याच वेळी त्यात नवे बिऱ्हाड येते.

हिरव्या झाडाचे लाकूड कठीण असते. वाळलेले, थोडे कुजलेले लाकूड कोरायला सोपे जाते. म्हणून सुतार पक्षी आणि तांबट अशा लाकडात चोचीने गोल बीळ पाडतात. काही जण म्हणतात, सुताराने झाड मारलं. तसं नव्हे. लाकूड आधीच किडलेले असते. सुतार त्यातले किडे आणि अळ्या टिपायला येतो. त्याने सोडलेल्या बिळात पुढे साळुंकी, दयाळ, पोपट राहतात. मोठ्या ढोलीत पिंगळा, नीलपंख किंवा गव्हाणी घुबड अंडी घालते. यातल्या बहुतेक पक्ष्यांना स्वतःला ढोली कोरता येत नाही. तयार ढोली मिळाली तरच त्यांचा संसार उभा राहतो.

यात आपला फायदा काय? पिंगळा संध्याकाळपासून भुंगेरे, नाकतोडे आणि लहान उंदीर धरतो. नीलपंख व कोतवाल उंच वाळक्या फांदीवर बसून खाली किडे हेरतात. हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी आपण शेतात पक्षीथांबे रोवतो. वाळलेले झाड हा आयता पक्षीथांबाच आहे. गव्हाणी घुबडाचे तर मुख्य अन्नच उंदीर. घुबड अशुभ, हा समज आता सोडा. धान्याची नासाडी करणारा उंदीर अशुभ, की त्याला खाणारे घुबड? पोपट मात्र ज्वारी-सूर्यफुलाचे नुकसान करतात, हे खरे. पण तेवढ्यासाठी सगळ्यांचेच घर मोडू नका.

झाड तोडण्यापूर्वी दोन-तीन दिवस सकाळी आणि दिवेलागणीला वीस-पंचवीस पावलांवर शांत बसून पाहा. या खुणा शोधा :

१. बुंध्याशी ताजा लाकडाचा भुसा.
२. ढोलीखाली पांढरी विष्ठा.
३. केस आणि हाडे असलेल्या गोळ्या. घुबड उंदीर गिळते आणि न पचलेला भाग ओकून टाकते.
४. चोचीत भक्ष्य घेऊन पुन्हा पुन्हा येणारा पक्षी. हा दिसला तर आत पिल्ले आहेत, असे समजा.

ढोलीत हात किंवा काठी घालू नका. आत सापही असू शकतो.

पिंगळ्याची वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि नीलपंखाची मार्च ते जून असते. गव्हाणी घुबड वर्षात केव्हाही अंडी घालू शकते. पिंगळ्याची पिल्ले उडायला अंडी घातल्यापासून सुमारे दोन महिने लागतात, घुबडाची सुमारे तीन. तेवढा धीर धरावा. तोडायचेच असेल, तर पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी, पण ढोली रिकामी असल्याची खात्री करूनच तोडा.

झाड गोठ्यावर, वाटेवर किंवा विजेच्या तारेवर पडण्याची भीती असेल, तर मात्र हयगय नको. माणूस आणि जनावर आधी. तार जवळ असेल तर आधी वीज कर्मचाऱ्यांना कळवा. शक्य असेल तेथे फक्त धोक्याच्या फांद्या काढाव्यात आणि ढोलीसह दहा-पंधरा फूट बुंधा उभा ठेवावा.

उंदरांसाठी विषारी आमिष वापरल्यास मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला, तर तेही मरू शकते. मग पुढच्या हंगामात उंदीर धरणार कोण?

आणि वाळलेल्या झाडाच्या शेजारी या पावसाळ्यात एक नवे रोप लावा. जुने कोसळेल तोवर नवे सावली धरू लागेल.