ज्युलिएटचे बाबा

कॉलेजात असताना ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ म्हणजे आमच्यासाठी बाल्कनी, चांदणं आणि भयंकर रोमँटिक वगैरे. परवा शेक्सपिअरचं हे नाटक पुन्हा हातात घेतलं, तर रोमिओ बाजूलाच राहिला. डोक्यात घर करून बसले ते ज्युलिएटचे वडील, कॅप्युलेट.

गंमत म्हणजे सुरुवातीला हे गृहस्थ एकदम कूल वाटतात. पॅरिससारखं तालेवार स्थळ चालून येतं, तर म्हणतात, पोरगी अजून चौदाचीही नाही, दोन वर्षं थांबा. आणि आधी तिचं मन जिंका, तिला पसंत असेल तरच माझा होकार. १५९७ मध्ये छापलेल्या नाटकात असा बाप! मी तर फिदाच.

पण तिसऱ्या अंकात हेच बाबा सोमवारी रात्री, लेकीला न विचारता, गुरुवारचं लग्न ठरवून मोकळे. ती ‘नाही’ म्हणते, कारण रोमिओशी तिचं आधीच गुपचूप लग्न झालंय. झालं! फरफटत चर्चमध्ये नेईन, रस्त्यावर भीक मागत मेलीस तरी ओळख देणार नाही, असा तमाशा. आई पाठ फिरवते. अंगाखांद्यावर वाढवलेली दाईसुद्धा म्हणते, कर की पॅरिसशी लग्न.

मग ज्युलिएट खोटं खोटं ‘सॉरी’ म्हणते. बाबा इतके खूश, की लग्न थेट बुधवारवर आणतात! म्हणजे मेल्यासारखं झोपवणारं ते औषध तिला मंगळवारी रात्रीच घ्यावं लागतं. तिकडे रोमिओला प्लॅन कळवणारं पत्र प्लेगच्या संशयामुळे अडकतं. नशीब खोटं, मान्य. पण घाई कुणाची होती?

कॅप्युलेट व्हिलन नाही. लेकीवर जीव आहे त्याचा. फक्त तिला विचारायचं, ते ती ‘हो’ म्हणेपर्यंतच.

‘तुझ्या मनाविरुद्ध काही होणार नाही’ हे वाक्य आमच्याही घरात आहे. तीन स्थळांपर्यंत ते टिकलं. चौथ्या नकारानंतर बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

पुस्तक मिटलं, चहा केला आणि त्यांच्यासमोर बसले. ‘बाबा, मी नाही म्हटलेलं खरंच चालतं ना?’

बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘चालतं गं. पण जड जातं.’

निदान खरं तरी बोलले. तेवढ्यावर मी दुसरा कप ओतला.